स्टेशन ते कंपनी बस हवी? आधी एका गाडीच्या चाळीस मिनिटांचा हिशोब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनी औद्योगिक वसाहतीत, रेल्वे स्टेशनपासून साडेचार किलोमीटरवर. आजूबाजूला आणखी पाच कंपन्या, सगळ्यांची मिळून साधारण १४०० माणसं. स्टेशनवर दर २० मिनिटांनी ट्रेन येते, पण तिथून पुढे थेट बस नाही. प्रश्नकर्त्यांनी सव्वाशे सह्यांचं निवेदन आणि मार्गाचा नकाशा परिवहन विभागाला दिला, 'तपासून पाहू' असं उत्तर मिळालं आणि त्याला आता वर्ष होत आलं. नव्याने प्रस्ताव लिहायचा तर त्यात काय असावं?

बसमार्गांची आखणी आणि वेळापत्रकं हेच माझं काम, त्यामुळे असे अर्ज मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पुष्कळ वाचले आहेत. पहिली गोष्ट सांगतो ती अशी की तुमचं निवेदन कोणी मुद्दाम दाबून ठेवलेलं नसावं. त्यात मंजूर किंवा नामंजूर करण्याजोगं काही नव्हतं, एवढंच. सव्वाशे माणसांना बस हवी आहे हे वाचून अधिकारी मान डोलावतो. त्याच्या डोक्यातला पुढचा प्रश्न असतो: सकाळी साडेआठला माझी एकही गाडी मोकळी नसते, मग ह्यांना किती गाड्या द्याव्या लागतील? ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कागदावर नसेल तर ते त्याला स्वतः काढावं लागतं. त्यासाठी मार्ग फिरून बघायचा, वेळ मोजायची, ट्रेनचं वेळापत्रक जुळवायचं. हे काम कोणी अंगावर घेत नाही आणि फाइल तिथेच राहते.

म्हणून प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, शक्यतो पहिल्याच वाक्यात, गाड्यांची संख्या यायला हवी. 'गर्दीच्या वेळी एक गाडी, सकाळी तीन फेऱ्या, संध्याकाळी चार' असं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. बाकीचा सगळा कागद हा आकडा कसा आला ते सांगण्यासाठी.

हा आकडा येतो कसा ते नीट बघू, कारण घोडं इथेच पेंड खातं.

बस स्टेशनवरून निघते, कंपनीपाशी पोहोचते, परत येते, थोडी थांबते आणि पुन्हा निघते. ह्या पूर्ण चक्राला जितकी मिनिटं लागतात त्याला दोन बसमधल्या अंतराच्या मिनिटांनी भागलं की लागणाऱ्या गाड्या मिळतात. चक्र ६० मिनिटांचं आणि दर २० मिनिटांनी बस हवी, तर तीन गाड्या. चक्र ४० मिनिटांचं, तर दोन. अपूर्णांक आला की तो वरच्या पूर्ण आकड्याला न्यावा लागतो, कारण सव्वादोन बस रस्त्यावर धावत नाहीत.

आता तुमचा नकाशा घेऊ. तुम्ही बस सहाही कंपन्यांच्या फाटकांपर्यंत नेली आहे, वसाहतीच्या आतून वळसा घालून, एकूण अकरा थांबे. प्रत्येकाला दारात बस मिळावी ही भावना समजते. पण गर्दीच्या वेळी असा मार्ग जायला २१ आणि यायला १९ मिनिटं घेईल असं धरू. म्हणजे धावण्यातच ४० मिनिटं गेली. चालकाला दम घ्यायला आणि उशीर भरून काढायला धावण्याच्या वेळेच्या निदान दहा ते पंधरा टक्के वेळ ठेवावाच लागतो. म्हणजे चक्र गेलं ४४ ते ४६ मिनिटांवर.

तुमची ट्रेन दर २० मिनिटांनी येते. बसने ट्रेनशी जुळायचं असेल तर चक्र २०च्या पटीत बसायला हवं: ४० किंवा ६०. तुमचं ४६पर्यंत गेलं, म्हणजे ते ६० धरावं लागणार. एक गाडी तासाला एकच ट्रेन पकडणार, आणि प्रत्येक ट्रेनला बस द्यायची तर तीन गाड्या लागणार. मधली चौदा मिनिटं बस स्टेशनबाहेर नुसती उभी.

तोच मार्ग कापून बघा. बस मुख्य रस्त्यानेच जाऊ द्या, आतला वळसा काढा, थांबे पाचावर आणा. जायला १६, यायला १५, विश्रांती आणि जुळवाजुळवीला ९. बरोबर ४०. आता एक गाडी दर दुसऱ्या ट्रेनला हजर राहते आणि दोन गाड्यांत प्रत्येक ट्रेन सांभाळता येते. आत असलेल्या दोन कंपन्यांच्या माणसांना साधारण साडेतीनशे मीटर चालावं लागेल. मिनिटाला ८० मीटर ह्या सर्वसाधारण चालीने ती चार-साडेचार मिनिटं होतात. तेवढ्या चालण्याच्या बदल्यात एक अख्खी बस वाचली! हा हिशोब प्रस्तावात मांडलात तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळतं की समोरच्या माणसाला काम समजतं. अर्ज वाचण्याची त्याची नजरच बदलते.

ही युक्ती माझी नाही. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने देशभराचं वेळापत्रक ह्याच तत्त्वावर उभं केलं. १९८२पासून तिथे ठरावीक अंतराने, तासातल्या त्याच त्याच मिनिटांना ट्रेन धावू लागल्या. पुढे झुरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत आणण्यासाठी नवा लोहमार्ग बांधला आणि डिसेंबर २००४पासून तो ५६ मिनिटांचा झाला. ५६च का? कारण दोन्ही टोकांना ट्रेन तासाच्या थोडी आधी पोहोचायला हवी, तिथे बाकीच्या ट्रेन उभ्या असायला हव्यात, आणि माणसांना ट्रेन बदलायला चार मिनिटं हवीत. ट्रेन आणखी पळवून ती ५०वर आणली असती तर ती सहा मिनिटं फलाटावर उभं राहण्यातच गेली असती. त्यांचं धोरण होतं, शक्य तितकं वेगाने नव्हे, गरजेपुरतं वेगाने. तुमच्या पाच थांब्यांच्या बसलाही हेच गणित लागू आहे, फक्त आकडे लहान आहेत.

मिनिटं मात्र खरी मोजा. फोनवरचा नकाशा गाडी चालवण्याची वेळ दाखवतो, ती बसची नव्हे. बस थांब्यावर थांबते, दारं उघडतात, माणसं चढतात, परत रहदारीत शिरायला जागा मिळावी लागते. गर्दीच्या वेळी, कामाच्या दिवशी, वेगवेगळ्या वारी मार्ग फिरून बघा आणि प्रत्येक थांब्याला अर्धं-पाऊण मिनिट जोडा. सरासरीवर वेळापत्रक बांधू नका. सरासरीवर बांधलेलं वेळापत्रक निम्म्या वेळा चुकतं. दहापैकी आठ-नऊ वेळा जितक्या वेळात काम होतं ती वेळ धरा.

स्टेशनवरचं अंतरही मोजा, आणि फलाटापासून मोजा. ट्रेनचा शेवटचा डबा, जिना, पूल, बाहेरचं दार, रस्ता ओलांडणं, मग थांबा. गर्दीत ह्याला सहज पाच-सहा मिनिटं लागतात. थांबा दुसऱ्या बाजूच्या दाराशी हलवला तर तीच वेळ तीनवर येते का, हे बघा. स्टेशनबाहेर बसला उभं राहायला जागा मिळवणं हे पुष्कळदा मार्गाच्या मंजुरीपेक्षा अवघड जातं, कारण ती जागा रेल्वेची, रस्ता नगरपालिकेचा आणि बस तिसऱ्याचीच. तिघांनाही एकाच वेळी पत्र द्या, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या होकाराची वाट बघत बसेल.

आता प्रत्यक्ष वेळापत्रक मांडून दाखवतो, म्हणजे कल्पना येईल. समजा ट्रेन ७:४५, ८:०५, ८:२५, ८:४५, ९:०५ अशा येतात आणि फलाटापासून थांब्यापर्यंत सहा मिनिटं लागतात. एकच गाडी आहे. तिच्या फेऱ्या ७:५१, ८:३१ आणि ९:११ अशा लागतील. कंपनीच्या थांब्यावर ती ८:०७, ८:४७ आणि ९:२७ला पोहोचेल. नऊच्या पाळीची माणसं ८:२५च्या ट्रेनने आली की ८:४७ला उतरली, चार मिनिटं चालली, ८:५१ला फाटकाशी. उत्तम. ९:२७ची फेरी कोणासाठी? समजा शेजारच्या कंपनीची पाळी साडेनवाला आहे. तीन मिनिटांच्या भरवशावर कोणी रोज बसने येणार नाही. पण त्या कंपनीने पाळी दहा मिनिटं पुढे, ९:४०वर नेली, तर तीच बस दोन कंपन्यांना पुरते.

हा भाग सगळ्यात मोलाचा आहे आणि बहुतेक प्रस्तावांत तो नसतो. परिवहन विभागाला वाटतं की कंपन्यांच्या वेळा दगडावर कोरलेल्या आहेत, कंपन्यांना वाटतं की बसच्या वेळा तशा आहेत. मध्ये तुम्ही आहात. मनुष्यबळ विभागाकडून 'आम्ही पाळी दहा मिनिटं सरकवायला तयार आहोत' असं एका ओळीचं पत्र मिळवलंत तर त्याचं वजन हजार सह्यांपेक्षा जास्त. सगळ्या वसाहतीच्या पाळ्या एकाच मिनिटाला सुरू होत असतील तर त्या एका फेरीसाठी चार बस लागतील आणि उरलेला दिवस चारही रिकाम्या. पाळ्या चाळीस-चाळीस मिनिटांनी विखुरल्या की तेवढीच माणसं एका-दोन गाड्यांत येतात.

मागणीचा अंदाज. सह्यांवर विसंबू नका हे वर आलंच. 'बस सुरू झाली तर वापराल का?' ह्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. हो म्हणायला पैसे पडत नाहीत. त्यापेक्षा घडलेलं विचारा: काल कामावर कसे आलात? कोणत्या ट्रेनने? फाटकाशी किती वाजता पोहोचलात? गेल्या आठवड्यात किती दिवस ट्रेनने आलात? परतताना कसे गेलात? पाच प्रश्न, दोन मिनिटं. जोडीला फाटकावर उभं राहून दर पाच मिनिटांनी किती माणसं आत शिरली ते मोजा. कंपनीकडे हजेरीच्या यंत्रातल्या वेळा असतातच. नावं न घेता फक्त वेळांची मोजणी मागा, ती द्यायला कोणाची हरकत नसते. राहत्या भागाचे टपाल क्रमांकही तसेच, नावाशिवाय मागा. रेल्वेमार्गालगत राहूनही स्वतःच्या वाहनाने येणारी माणसं त्यातून दिसतात. उद्याचे प्रवासी त्यांच्यातच आहेत.

मग हिशोब असा उतरतो. समजा १४००पैकी ३०० जण ट्रेनने येतात. त्यांतले १२० नऊच्या पाळीचे. त्यांतले ७० जण ८:२५च्या ट्रेनने. पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले निम्मे बसला येतील असं धरा, म्हणजे ३५. बारा मीटरच्या बसमध्ये बसायला ३५ ते ४० जागा असतात, तेव्हा एक बस पुरते आणि तुम्ही खोटी आशाही दाखवलेली नाही. प्रत्येक पायरीवर आकडा कुठून आला ते लिहा: मोजणीतून, हजेरीतून की अंदाजाने. अंदाज असेल तर अंदाज म्हणा. चाळणी लावत लावत ३५वर आलेला माणूस विश्वासार्ह वाटतो. '१४०० संभाव्य प्रवासी' असं लिहिणाऱ्याचा कागद मी तरी बाजूला ठेवीन.

आणि उलट दिशा विसरू नका. सकाळी स्टेशनकडून भरून गेलेली बस परत येताना रिकामी येते, हे अशा मार्गांचं जुनं दुखणं. वसाहतीच्या आसपास राहणारी, सकाळी स्टेशन गाठणारी माणसं आहेत का? शाळा, महाविद्यालय, दवाखाना वाटेत आहे का? परतीच्या फेरीत दहा-बारा माणसं जरी मिळाली तरी भारमान, म्हणजे बस किती भरते त्याचं प्रमाण, एकदम सुधारतं, कारण ती फेरी तशीही धावणारच होती, त्या माणसांसाठी वेगळा खर्च नाही.

नवा मार्ग मागण्याआधी जुने मार्ग तपासले का? हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम. वसाहतीपासून किलोमीटरभरावर संपणारा एखादा मार्ग असेल तर तो पुढे वाढवणं हे नव्या मार्गापेक्षा कितीतरी सोपं. त्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर बस आता किती वेळ उभी असते ते बघा. बारा मिनिटं उभी असेल आणि पुढे जाऊन यायला सात लागत असतील, तर तुम्हाला जवळजवळ फुकट बस मिळते. कधी कधी तर बस असतेच, फक्त ती ट्रेन येण्याच्या दोन मिनिटं आधी निघून जाते. तिथे आठ मिनिटांच्या बदलाची मागणी पुरते, आणि अशी मागणी कोणी सहसा नाकारत नाही.

चालू मार्गाला वळसा घालायला सांगणार असाल तर मात्र जपून. त्या बसमध्ये आधीच बसलेल्यांचा वेळ तुम्ही मागत आहात. हिशोब सोपा आहे: वळशाने चार मिनिटं वाढली आणि बसमध्ये पुढे जाणारी ३० माणसं असली, तर १२० मिनिटांचं नुकसान. वळशामुळे १२ जणांचं पंधरा-पंधरा मिनिटांचं चालणं वाचत असेल तर १८० मिनिटांचा फायदा. इथे वळसा पटतो. बसमध्ये ६० माणसं असती तर नसता पटला. हा गुणाकार प्रस्तावात तुम्हीच करून द्या.

ट्रेनला उशीर झाला तर बसने थांबायचं का? ह्यावर लोक भावनेने बोलतात, मी नियमाने बोलतो. नियम लिहून हवा: बस जास्तीत जास्त तीन मिनिटं थांबेल, मग निघेल. वरच्या चक्रात आपण नऊ मिनिटं राखून ठेवली आहेत, त्यांतली तीन इथे खर्च झाली तरी पुढची फेरी वेळेवर जाते. त्याहून जास्त थांबलं तर एका ट्रेनचा उशीर दिवसभराच्या फेऱ्यांना चिकटतो. संध्याकाळी उलट. तेव्हा बस थांबून उपयोग नाही, कारण ट्रेन बससाठी थांबणार नाही. म्हणून संध्याकाळी बस स्टेशनवर ट्रेनच्या सात-आठ मिनिटं आधी पोहोचेल अशी सोडायची. सकाळ आणि संध्याकाळ ही दोन वेगळी वेळापत्रकं आहेत, आरशातली प्रतिमा नव्हे.

संध्याकाळबद्दल अजून एक. तुमच्या मागच्या निवेदनात सकाळच्या फेऱ्या तपशिलात आहेत आणि संध्याकाळी 'सोयीनुसार दोन-तीन'. असं चालणार नाही. माणूस सकाळी बसने यायचं की नाही हे ठरवतो ते संध्याकाळच्या शेवटच्या फेरीवरून. काम लांबलं, बैठक उशिरा संपली, तर परत जाता येईल का ही धास्ती मनात असेल तर तो सकाळीच स्वतःची गाडी काढतो, आणि गाडीने आलेला माणूस गाडीनेच परततो. शेवटच्या फेरीत चारच माणसं दिसतील. हिशोबनीस म्हणेल, ही फेरी बंद करा. ती बंद केली की महिनाभरात आधीच्या फेऱ्यांतली माणसं गळायला लागतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन परिसरात आणि इतर काही शहरांत ह्यावर तोड काढली आहे ती अशी: नियमित सार्वजनिक वाहनाने येणाऱ्याला अचानक अडचण आली तर वर्षातून ठरावीक वेळा टॅक्सीने घरी पोहोचवण्याची हमी. ही हमी प्रत्यक्षात फार कमी जण वापरतात, पण हमी आहे म्हणून रोज बसने येतात. तुमची कंपनी उशिराच्या फेरीचा खर्च उचलायला तयार नसेल तर निदान अशी हमी देईल का, विचारून बघा. ती त्यांना स्वस्त पडेल.

पैशाचं बोलू. अशा बसमध्ये डिझेल किंवा विजेइतकाच, बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त, खर्च चालकाच्या वेळेचा असतो. तुमची बस सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास हवी. मधल्या वेळात चालक आणि गाडी काय करणार? ह्याचं उत्तर परिवहन विभाग शोधेल, पण तुम्ही सुचवलंत तर बरं: दुपारी हीच गाडी शेजारच्या कोणत्या मार्गावर जाऊ शकते, आगार किती लांब आहे, रिकामी धाव किती पडेल. आगार वसाहतीच्या बाजूला असेल तर पहाटेची पहिली फेरी वसाहतीकडून स्टेशनकडे प्रवासी घेऊनच निघू शकते.

कंपन्यांनी वाटा उचलावा ह्यात वावगं काही नाही. फ्रान्समध्ये तर तसा करच आहे. १९७१मध्ये पॅरिस परिसरात तो सुरू झाला, दोन वर्षांनी इतर शहरांना लागू झाला, आणि आज ११ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांकडून पगाराच्या प्रमाणात तो सार्वजनिक वाहतुकीसाठी घेतला जातो. जपानमध्ये मालकाने येण्याजाण्याचा भत्ता देणं इतकं रुळलेलं आहे की नोकरीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख असतोच. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, कंपन्यांनी ठरावीक संख्येने मासिक पास आगाऊ विकत घेण्याची लेखी हमी दिली तर परिवहन विभागाची जोखीम निम्मी होते. नगद अनुदानापेक्षा पासची हमी मला जास्त आवडते. पास हातात असला की माणूस बसकडे वळतो, आणि पैसे नुसते फुकट गेले असं कोणाला वाटत नाही.

'मग कंपनीचीच बस का नको?' हा प्रश्न येणार, विशेषतः वर्षभर थांबल्यावर. येऊ शकते, आणि लवकर येऊ शकते. पण सहा कंपन्यांनी सहा लहान गाड्या सोडल्या तर प्रत्येकीच्या सकाळी एक-दोनच फेऱ्या होतात. त्याच पैशात मिळून एक मार्ग चालवला तर दर २० मिनिटांनी बस मिळते आणि सगळ्यांचीच वाट बघण्याची वेळ घटते. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचं थांबणं कमी होतं, हे हर्बर्ट मोरिंग ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७२मध्ये नीट मांडून दाखवलं आणि त्याच्या नावानेच तो परिणाम ओळखला जातो. माणसाला थांब्यावरचं एक मिनिट बसमधल्या जवळजवळ दोन मिनिटांइतकं जाणवतं, म्हणून हा फायदा कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. दुसरी बाजू सॅन फ्रान्सिस्कोने बघितली. तिथल्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या खासगी बस सार्वजनिक थांब्यांवर उभ्या राहू लागल्या, २०१३मध्ये लोकांनी त्या अडवल्या, आणि पुढच्या वर्षी शहराने थांबा वापरण्याचं शुल्क लावून त्यांना नियमात आणलं. कंपनीची बस काढणारच असाल तर थांबा, परवाना आणि इतर प्रवाशांना चढू देण्याचा प्रश्न आधी सोडवा. माझं मत विचाराल तर सहा कंपन्यांच्या पैशाने चालणारी, पण कोणालाही चढता येणारी बस सगळ्यात टिकते.

जागेच्या काही गोष्टी ज्या नकाशावर दिसत नाहीत. बारा मीटरच्या बसला एका दमात मागे वळायला साधारण २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. कंपनीच्या टोकाला ती आहे का, जाऊन बघा. नसेल तर नऊ मीटरची बस मागा किंवा चौक वापरून वळता येईल असा मार्ग आखा. बस मागे घेऊन वळवायची कल्पना तर काढूच नका, सुरक्षा अधिकारी ती पहिल्या फटक्यात फेटाळतो. बस कंपनीच्या आवारात नेऊ नका. फाटकावर तपासणी, अडसर, नोंदवही ह्यांत दोन मिनिटं जातात आणि आपण एकेक मिनिट जमवून ४० केले आहेत. थांबा फाटकाबाहेर, फाटकापर्यंत पदपथ आणि दिवे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी अंधारात तीनशे मीटर चालायची वेळ आली तर पुष्कळ जणी बसला येणार नाहीत, आणि तुमच्या पाहणीत कोणी हे कारण लिहून देणार नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला थांब्यावर चढता येतं का तेही ह्याच फेरीत बघून घ्या.

शेवटच्या थांब्यावर चालकासाठी स्वच्छतागृह हवं. हसू नका. हे नसल्यामुळे रखडलेले मार्ग मला माहीत आहेत. चालकांच्या संघटना ह्यावर अडतात आणि बरोबरच अडतात. तुमच्या कंपनीने सुरक्षा चौकीतलं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी चालकांना खुलं करण्याचं पत्र दिलं तर फुकटात एक मोठा अडथळा दूर होतो.

मागणी प्रायोगिक ठेवा, पण मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी मान्य करू नका. माणसांची सवय हळू बदलते. कोणाचा गाडीतळाचा पास संपायचा असतो, कोणी सहकाऱ्याच्या गाडीतून येत असतो. सहा आठवड्यांत रिकाम्या दिसणाऱ्या बस वर्षअखेर भरलेल्या दिसतात. यश कशाला म्हणायचं हे सुरुवातीलाच लिहून घ्या: तिसऱ्या महिन्यात फेरीमागे सरासरी किती, सहाव्यात किती. हे लिहिलेलं नसेल तर पहिल्या रिकाम्या फेरीचा फोटो बघून कोणीतरी बस बंद करेल. आणि सुट्ट्यांच्या महिन्यात सुरुवात करू नका.

परिवहन विभागाचं वेळापत्रक आणि चालकांच्या कामाच्या पाळ्या वर्षातून ठरावीक वेळाच बदलतात. पुढचा बदल कधी आहे आणि त्यासाठी सूचना कधीपर्यंत घेतात, हे फोन करून विचारा. त्या तारखेच्या दोन महिने आधी तुमचा कागद पोहोचायला हवा. तारखेनंतर आलेला उत्तम प्रस्तावही पुढच्या बदलापर्यंत पडून राहतो.

कागद दोन पानांचा करा. पहिल्या पानावर गाड्या किती, फेऱ्या कोणत्या, कोणत्या ट्रेनशी जुळतात, प्रवासी किती आणि कंपन्या काय देणार. दुसऱ्यावर नकाशा आणि मिनिटांचा हिशोब. मोजणीचे तक्ते, पाळी सरकवण्याचं आणि पासच्या हमीचं पत्र जोडपत्रात. सह्या असल्याच तर सगळ्यात शेवटी.

मंजुरी मिळाली की आणखी एक काम पाठीस लागून करून घ्या: बस फोनवरच्या प्रवास सुचवणाऱ्या नकाशांत दिसली पाहिजे. २००५मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट ह्या परिवहन संस्थेने आपलं वेळापत्रक गूगलला दिलं, त्यातून वेळापत्रकं देण्याचा एक ठरावीक साचा तयार झाला आणि आज जगभरातल्या बससेवा तोच वापरतात. नव्या मार्गाची माहिती त्यात घालायला कोणी तरी विसरतंच. मग बस धावते, पण नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाचा फोन त्याला टॅक्सी सुचवतो. नियुक्तीपत्रासोबत बसचं वेळापत्रक द्यायला तुमच्या मनुष्यबळ विभागाला सांगा. नवा माणूस पहिल्या आठवड्यात जसा कामावर येतो तसाच तो पुढे येत राहतो, त्यामुळे तुमचे पक्के प्रवासी बहुतेक ह्या नव्या भरतीतूनच मिळतील.